जुन्या मोटारीसाठी बंद ट्रेलर निवडताना

अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातील हर्शी हे गाव चॉकलेटच्या कारखान्यामुळे जगाला ठाऊक झाले. परंतु जुन्या मोटारींच्या शौकिनांच्या मनात त्याचे स्थान निराळ्याच कारणाने आहे. १९३५ साली स्थापन झालेल्या ‘अँटिक ऑटोमोबाईल क्लब ऑफ अमेरिका’ या संस्थेचा शरद ऋतूतील मेळावा १९५५ पासून येथे भरू लागला, आणि ऑक्टोबर महिना उजाडला की दूरदूरची हजारो माणसे या गावाकडे वळतात. मैदानात पितळी दिव्यांच्या, लाकडी आऱ्यांच्या चाकांच्या, माशासारखी शेपटी मिरविणाऱ्या मोटारी झळकत असतात. मैदानाबाहेर, जिकडे फारसे कोणी पाहत नाही तिकडे, बंद ट्रेलरांच्या लांबच लांब रांगा उभ्या असतात. आतल्या कित्येक मोटारी शेकडो मैलांचा प्रवास करून आलेल्या असतात. मात्र त्या प्रवासात त्यांचे स्वतःचे चाक एकदाही फिरलेले नसते. त्या या पेट्यांतून येतात.

रस्त्यावर धावण्यासाठी जन्मलेली मोटार पेटीत घालून न्यावी, हे प्रथमदर्शनी हास्यास्पदच वाटते. अशा मोटारीला तिकडचे टीकाकार ‘ट्रेलर क्वीन’, म्हणजे ट्रेलरमधून मिरविणारी महाराणी, असे म्हणून चिडवितातही. तथापि शिकागोहून हर्शीचे अंतर सुमारे सातशे मैल आहे. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून अधिक संख्येने निघालेली फोर्ड कंपनीची मॉडेल टी मोटार ताशी चाळीस-पंचेचाळीस मैलांपलीकडे जात नाही, आणि आजच्या महामार्गावर पाठीमागून येणारा मालट्रक ताशी सत्तर मैलांनी येत असतो. त्या काळचे ब्रेक आजच्या रहदारीला पुरे पडत नाहीत, वाटेत मोडलेला भाग कोणत्याही दुकानात मिळत नाही, आणि वर्षानुवर्षे खपून दिलेला रंग एका उडालेल्या खड्याने कायमचा डागाळतो. तेव्हा महाराणीला पालखी लागते ती केवळ मिजाशीपायी, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

आपल्या देशातही हा प्रश्न परका राहिलेला नाही. दिल्लीत ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने जुन्या मोटारींची रॅली १९६४ साली सुरू केली. २०१८ साली कॅलिफोर्नियातील पेबल बीचच्या सुप्रसिद्ध प्रदर्शनात भारतीय संस्थानिकांच्या काळातील मोटारींना खास विभाग देण्यात आला होता. २०२१ साली केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार अशी मोटार प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे यांसारख्या कामांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नव्हे. आपल्याकडे तिला दूर न्यावयाचे तर बहुधा ट्रकच्या सपाट पाठीवर चढवितात. घरच्याच वाहनामागे ट्रेलर जोडून, मालकाने स्वतः चालवीत नेण्याची विद्या मात्र अमेरिकेत वाढली. यास्तव दाखले तिकडचेच घेतलेले बरे.

उघडा ट्रेलर हलका, स्वस्त आणि ओढावयास सोपा असतो. वर्षातून दोन-तीनदा पन्नास-शंभर मैल जावयाचे असेल तर तोच घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाऊस, धूळ, खडे आणि चोरांची नजर या चारांपासून मोटार वाचवावयाची, रात्री परक्या गावात ती कुलूपबंद ठेवावयाची आणि तिचे सुटे भाग सोबत न्यावयाचे, अशी खरी गरज असेल तरच बंद ट्रेलरचा विचार करावा. आणि विचार करावयाचा तर तो वजनकाट्यापासून सुरू करावा. विक्रेत्याच्या आवारात गिऱ्हाईक प्रथम पाहतो ती आतली कपाटे, दिव्यांची रोषणाई आणि बुद्धिबळाच्या पटासारखी फरशी. या गोष्टी नंतरही बसवून घेता येतात. आस, ब्रेक आणि सांगाडा मागाहून बदलणे मात्र बहुधा नवा ट्रेलर घेण्याइतकेच जड जाते.

वजनाचा हिशेब

उदाहरणादाखल १९५७ सालची शेव्हरोले बेल एअर ही मोटार घेऊ. लांबी २०० इंच, म्हणजे १६ फूट ८ इंच. रुंदी सुमारे ७४ इंच. वजन ३,४०० पौंडांच्या घरात, म्हणजे साधारण १,५५० किलो. तिच्यासाठी २४ फुटी बंद ट्रेलर पाहावयास गेल्यास ‘७,००० पौंड’ असा शिक्का असलेला ट्रेलर हटकून समोर येतो. प्रत्येकी ३,५०० पौंड पेलणारे दोन आस त्याखाली असतात. गिऱ्हाईक मनाशी म्हणते, माझी मोटार ३,४०० पौंडांची, ट्रेलर ७,००० पौंडांचा. म्हणजे दुप्पट मोकळीक झाली! येथेच फसगत होते. ७,००० पौंड हा आकडा ट्रेलर आणि त्यातील माल मिळून होणाऱ्या कमाल वजनाचा असतो. पोलादी सांगाड्याचा तो ट्रेलर रिकामाच ३,६०० पौंड भरला, तर मालासाठी उरतात ते ३,४०० पौंड. मोटार आत शिरताच हिशेब संपला. विंच आणि तिची बॅटरी, जादा चाक, जॅक, हत्यारांची पेटी, पट्टे यांचे तीन-चारशे पौंड कोठे ठेवावयाचे? ट्रेलरचा काही भार पुढच्या वाहनावर टेकतो, सबब थोडे अधिक चालते, असे समाधान विक्रेता करील. पण सर्व सुटे भाग सोसण्याच्या टोकापर्यंत ताणून सातशे मैल जाणे शहाणपणाचे नव्हे.

म्हणून अशा मोटारीसाठी प्रत्येकी ५,२०० पौंडांच्या दोन आसांचा ट्रेलर पाहावा. त्यावर बहुधा ९,९९० पौंडांचा, म्हणजे सुमारे ४,५३० किलोंचा शिक्का आढळतो. हा चमत्कारिक आकडा यंत्रशास्त्रातून आलेला नाही. १०,००० पौंडांच्या वरच्या ट्रेलरांना परवान्याचे आणि इतर काही नियम अधिक कडक लागतात. ती रेघ ओलांडू नये म्हणून कारखानदार दहा पौंड अलीकडे थांबतात. अल्युमिनियमचा सांगाडा घेतल्यास रिकामे वजन बरेच घटते व तितकीच मालाला जागा मिळते. किंमत मात्र चढते. १९५९ ची कॅडिलॅक, जी पाच हजार पौंडांच्या आसपास जाते, ती बाळगणाऱ्याने ७,००० पौंडांच्या ट्रेलरकडे ढुंकूनही पाहू नये.

उलाळ गाडी

बैलगाडी हाकणाऱ्यास भार कोठे ठेवावा हे शिकवावे लागत नाही. ओझे मागे पडले की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. फार पुढे आले की बैलांच्या माना दबतात. मोटारीमागच्या ट्रेलरचे शास्त्रही तेच आहे, फरक वेगाचा. बैलगाडी उलाळ झाली तर ती थांबवून दोन पोती पुढे सारता येतात. ताशी साठ मैलांनी चाललेला ट्रेलर उलाळ झाला तर तो शेपटी हलवू लागतो, आणि विशिष्ट वेगापलीकडे प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. चार-पाच हेलकाव्यांत ट्रेलर पुढच्या वाहनाला आडवा ओढून उलटवू शकतो. फिरत्या पट्ट्यावर छोटी प्रतिकृती ठेवूनही हे दाखविता येते; वजन पुढे असता बोटाने टिचकी दिली तरी ती क्षणात सावरते, तेच वजन आसांच्या मागे सरकविले की त्याच टिचकीने ती पट्ट्यावरून फेकली जाते.

रूढ नियम असा की, भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीतून पुढच्या वाहनावर पडावा. आपल्या बेल एअरचा ट्रेलर सामानासह ७,४०० पौंडांचा धरल्यास हा भार ७४० ते १,११० पौंड असावयास हवा. आता मोटार केवळ दोन फूट मागे उभी केली तर काय होते, ते पाहावे. जोडाच्या गोळ्यापासून आसांच्या मध्यापर्यंतचे अंतर १७ फूट धरले तर ३,४०० पौंडांची मोटार दोन फूट मागे सरताच दांडीवरचा भार ४०० पौंडांनी घटतो. म्हणजे ९०० पौंडांचा निर्धोक भार ५०० वर येतो, आणि चालकाला त्याची वार्ताही नसते! आत चाकांची योग्य जागा एकदा वजनकाट्यावर ठरवून तेथे जमिनीवर रंगाची खूण करून ठेवणारे मालक आहेत, ते याचसाठी.

ट्रेलरच्या लांबीचा प्रश्नही खरे पाहता येथेच सुटतो. २४ फुटांच्या ट्रेलरात बेल एअर शिरल्यावर सात फुटांहून अधिक जागा उरते. ती कपाटांसाठी नव्हे. मोटार पुढे-मागे सरकवून तोल साधावयाचा तो त्या सात फुटांत. १८ फूट ९ इंच लांबीची १९५९ ची कॅडिलॅक २० फुटी ट्रेलरात मावते हे खरे, परंतु मग तोल साधण्यास जागाच उरत नाही. ज्यांचे इंजिन मागे असते त्या मोटारींचा, उदाहरणार्थ फोक्सवॅगन बीटल, पोर्शे ९११ किंवा १९६० ते १९६९ या काळातली शेव्हरोले कॉर्व्हेअर, मामला आणखी निराळा. त्या पुढे बऱ्याच सरकवून उभ्या कराव्या लागतात, नाहीतर सरळ उलट्या तोंडाने चढवाव्या लागतात.

शेपटी हलू लागलीच तर पाय वेगाच्या पट्टीवरून काढून घ्यावा, सुकाणू सरळ धरावे आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावावेत. पुढच्या वाहनाचा ब्रेक दाबणे हा स्वाभाविक पण घातक उपाय होय. कारण त्याने मागचा भार पुढच्याला अधिकच ढकलतो. याकरिता ट्रेलरच्या दोन्ही आसांवर विजेचे ब्रेक आणि चालकाच्या हाताशी त्यांची स्वतंत्र कळ असलीच पाहिजे. ट्रेलर तुटून सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी बॅटरीची योजनाही जिवंत आहे की नाही, ते प्रत्येक प्रवासापूर्वी तपासावे.

ओढणारे वाहन

जाहिरातीत ‘दहा हजार पौंड ओढणारा’ म्हणून मिरविणारा पिक-अप ट्रक पाहून हुरळून जाऊ नये. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक चिठ्ठी डकविलेली असते. त्या वाहनात माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते तीवर लिहिलेले असते. दांडीवरचे हजार पौंड याच आकड्यातून वजा होतात. पंधरा-सोळाशे पौंडांची मुभा असलेल्या ट्रकमध्ये चार धडधाकट माणसे, त्यांच्या बॅगा आणि शिदोरी चढली की मर्यादा ओलांडलीच म्हणून समजावे. शिवाय मागे भार पडल्याने पुढची चाके हलकी होतात व सुकाणू सैल लागते. भार पुन्हा पुढच्या चाकांकडे वळविणारा खास जोड बसविल्यास हा दोष बराच निवारतो.

जोडाच्या गोळ्यासंबंधी एक धोका मुद्दाम सांगण्याजोगा आहे. हलक्या ट्रेलरांना २ इंची आणि जड ट्रेलरांना २ ५/१६ इंची गोळा लागतो. मोठ्या मापाची टोपी लहान गोळ्यावर बसते, खटकाही लागतो, आणि अंगणात सारे ठीक दिसते. पहिल्या मोठ्या दचक्याला टोपी गोळ्यावरून उडते. गोळ्यावर माप कोरलेले असते. ते वाचण्यास क्षणही लागत नाही. साखळ्या जोडाखालून तिरप्या, एकमेकींना छेदून अडकवितात, त्या यासाठी की दांडी निसटली तरी जमिनीत रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडावी.

वाऱ्याची गोष्ट उघड्या ट्रेलरवाल्यास ठाऊकच नसते. २४ फूट लांब व सात फूट उंच भिंत म्हणजे १६८ चौरस फुटांचे शीडच होय. वायोमिंग राज्यातून जाणाऱ्या ८० क्रमांकाच्या महामार्गावर, लॅरमी आणि रॉलिन्स या गावांच्या दरम्यान, असे वारे सुटतात की हलक्या व उंच वाहनांना तो रस्ता वेळोवेळी बंद करावा लागतो. तशा दिवशी मुक्काम वाढविणे हाच उपाय.

दार उघडेल काय?

अमेरिकेत रुंद ट्रेलरांचे बाहेरचे माप बहुधा १०२ इंच, म्हणजे साडेआठ फूट असते; रस्त्याचा कायदा सामान्यतः त्याहून अधिक रुंदीस मुभा देत नाही. आत भिंतींमध्ये सुमारे आठ फूट, आणि ट्रेलरच्या चाकांवरील पेट्या आत येतात तेथे जेमतेम ८२ इंच उरतात. ७४ इंची बेल एअर तेथून सुखाने जाते. ८० इंचांहून किंचित अधिक रुंदीची कॅडिलॅक दोन्ही बाजूंना इंचभर जागा राखून जाते, आणि तिच्या मालकाचा श्वास तोवर अडकलेला असतो.

मोटार आत गेली, पण चालक बाहेर कसा यावा? भिंत आणि मोटार यांत अकरा इंचांची फट; तेवढ्यात दार उघडून माणूस निघत नाही. तरुण असेल तर खिडकीतून सरपटत येईल. परंतु या छंदातले पुष्कळसे लोक पिकल्या केसांचे, आणि गुडघे त्यांच्या मोटारींइतके सुस्थितीत नसलेले! म्हणून ट्रेलरच्या डाव्या भिंतीत, मोटारीच्या दारासमोर येईल असे मोठे दार ठेवून घेतात. त्याखालची चाकावरची पेटीही काढता येईल अशी असते. येथे मोटारीचे माप आधी घेणे अगत्याचे. दार दीड फूट मागे-पुढे पडले तर ते असून नसल्यासारखे होते. आणि मोटारीची उचित जागा तोलाने ठरलेली असल्यामुळे तिला दारासाठी सरकविता येत नाही. दारच तिच्यासाठी सरकले पाहिजे.

याहून चांगला मार्ग म्हणजे मोटार चालवीत आत नेऊच नये. विंचने ओढून घ्यावी. बंद पेटीत इंजिन सुरू ठेवल्यास विषारी धूर साचतो, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. ओढतेवेळी रॅम्पवर मोटारीच्या मागे कोणीही उभे राहू नये, मदतीच्या उत्साहाने तर मुळीच नव्हे.

उंचीकडे शौकिनांचे हटकून दुर्लक्ष होते. आत साडेसहा फूट उंची असली तरी मागच्या दाराची चौकट त्याहून ठेंगणी असते. टप उभारलेली मॉडेल टी माणसाहून उंच असते. ती मालकाने फीत धरून मोजावी. लांब शेपटीच्या मोटारींची अडचण उलट: पुढची चाके रॅम्पवर चढतात तेव्हा मागचा बंपर जमिनीला घासतो. ट्रेलरची मागची फरशी उतरती असेल व रॅम्पला पुढे जोडपट्टी असेल तर चढ सौम्य होतो.

मोटार बांधण्याचे कडे फरशीच्या प्लायवूडला नव्हे, खालच्या पोलादी आडव्यांना जखडलेले असावे. व्यापारी वाहतुकीसाठीचा तिथला नियम सांगतो की, अचानक ब्रेक लागता मालाच्या वजनाच्या आठ-दशांश इतका जोर पुढच्या दिशेने सोसला गेला पाहिजे. खाजगी मालकानेही तोच मापदंड मानावा. पट्ट्यावर छापलेला मोठा आकडा बहुधा तुटण्याचा असतो. कामाचा आकडा त्याचा एक-तृतीयांश. पुढे दोन, मागे दोन असे चार पट्टे आसांना किंवा टायरांवरून बांधावेत, म्हणजे मोटारीचे पाटे आपले काम करीत राहतात. लाकडी आऱ्यांतून मात्र पट्टा कदापि ओवू नये.

जुना ट्रेलर स्वस्तात मिळत असेल तर टाचेने फरशी दाबून पाहावी, विशेषतः कोपऱ्यांत. छताची गळती प्रथम तेथे मऊ प्लायवूड होऊन प्रकट होते. छताला हवा खेळण्याचे झरोके नसतील तर हिवाळ्यात आत दव धरते आणि क्रोमवर बुरशीसारखे ठिपके उठतात. टायरांची नक्षी पाहून भुलू नये. ट्रेलर वर्षातून दहा महिने उभा असतो. त्याचे टायर झिजण्याआधी वाळून मरतात. त्यांच्या बाजूवर शेवटचे चार अंक असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाच-सहा वर्षे उलटली असतील तर नक्षी नवीकोरी दिसली तरी बदलावेत. पुष्कळशा ट्रेलर-टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते, हेही लक्षात असू द्यावे.

हर्शीला दरसाल येणारे अनुभवी लोक मोटार चढवून निघाले की पहिल्या पंचवीस-तीस मैलांवरच थांबतात. पट्टे थोडे सैल पडलेले असतात, ते पुन्हा आवळतात. मग प्रत्येक चाकाच्या तुंब्याजवळ हात नेऊन पाहतात. तीन चाके कोमट आणि एक चटका देणारे आढळले, तर त्या चाकाचा ब्रेक अडकला आहे किंवा बेअरिंग कोरडे पडले आहे, हे ओळखून ते तेथेच जॅक काढतात.